गोळ्या आजपासून, दिवस राहिल्यावर नव्हे

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची आहे, लग्नाला तीन वर्षं झाली. पाच महिन्यांपूर्वी एकोणिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचा मणका कमरेपाशी उघडा आहे आणि डोक्यात पाणी साठलंय असं निघालं. मोठ्या दवाखान्यात दाखवून शेवटी गर्भपाताचा निर्णय घेतला. माझी पाळी पीसीओडीमुळे (अंडाशयाच्या तक्रारीमुळे) अनियमित, त्यामुळे दिवस राहिल्याचंच दोन महिन्यांनी कळलं. फॉलिक अ‍ॅसिड त्यानंतर सुरू झालं. तिसऱ्या महिन्यात ग्रहण आलं. मिस्टर सेकंड शिफ्टहून उशिरा आले, त्यांना वाढताना मी काकडी चिरली. सासूबाई अजून त्यावरून बोलतात. आमचं घर माळकरी, अंडंही चालत नाही. दूध मला फक्त चहात जातं. साखर आटोक्यात ठेवणारं मेटफॉर्मिन दोन वर्षं चालू आहे. आता डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅमची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि बी-१२ची इंजेक्शनं लिहून दिली आहेत. सासूबाई म्हणतात, दिवस नाहीत तर गोळ्या कशाला, गर्भाशयाला उष्ण पडतं, आणि इंजेक्शनात मांसाहारी काही असेल. नणंद म्हणते, आधी जनुकीय तपासणी करून महागातली गोळी घे. जाऊबाईही चान्स घेतायत, त्यांना माझीच गोळी चालेल का? रिपोर्ट जोडलाय : हिमोग्लोबिन ९.८, एमसीव्ही १०४, बी-१२ १३८. तळपायाला मुंग्याही येतात. नेमकं माझं काय चुकलं?

उत्तर : तुझं काहीही चुकलेलं नाही. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही, तारखाच मांडून दाखवते.

गर्भ रुजला की सुरुवातीच्या दिवसांत त्याच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि जुळतात. जाकिटाची चेन मानेपाशी सुरू करून एकीकडे डोक्याकडे, दुसरीकडे कमरेकडे लावत न्यावी तसं हे जुळणं चालतं. त्यातून जी नळी तयार होते तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. गर्भधारणेपासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ही नळी दोन्ही टोकांना बंद झालेली असते. डोक्याकडचं टोक उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी नीट घडत नाही. कमरेकडचं राहिलं तर मणका उघडा राहतो, त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. त्यात मेंदूचा मागचा भाग खाली मानेकडे सरकतो, डोक्यातलं पाणी वाहून जायची वाट अडते आणि ते तिथेच साठतं. तुझ्या सोनोग्राफीत लिहिलेल्या दोन गोष्टी वेगवेगळ्या नाहीत, एकातून दुसरी आली आहे.

आता बघ. पाळी नियमित असणाऱ्या बाईची तारीख चुकून जेमतेम दोन आठवडे होतात, तोवर ही नळी मिटलेली असते. पुष्कळजणींनी तेव्हा घरी टेस्टसुद्धा केलेली नसते. तुला तर दोन महिन्यांनी कळलं. ग्रहण आलं तिसऱ्या महिन्यात. म्हणजे बाळाच्या मणक्याचं जे व्हायचं ते ग्रहणाच्या काही आठवडे आधीच होऊन गेलं होतं. तू त्या रात्री काकडी चिरली असतीस किंवा अंथरुणावर निजून राहिली असतीस, त्यात तसूभर फरक पडला नसता. ग्रहण एकट्या तुमच्या घरावर लागत नाही. त्या रात्री तुझ्याइतकेच दिवस गेलेल्या अगणित बायका देशभर होत्या, त्यातल्या कितीतरी जणी कामावर होत्या, स्वयंपाक करत होत्या, आणि त्यांची मुलं आज धडधाकट आहेत.

पण एक जपायला हवं. ग्रहणाचा दोष काढून त्या जागी खाण्यापिण्याचा दोष बसवायचा, असं करू नकोस. "मी दूध प्यायले असते तर" हेही मनातून काढून टाक. फॉलेट (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) किंवा बी-१२ कमी असलेल्या बहुसंख्य बायकांची बाळं व्यवस्थित जन्मतात, आणि सगळं वेळेवर घेणाऱ्या काहींच्या बाबतीतही नळी मिटत नाही. यात आनुवंशिकतेचा भाग आहे, नशिबाचाही आहे. जीवनसत्त्व हा त्यातला आपल्या हातात असलेला भाग, म्हणूनच मी त्याबद्दल इतकं लिहिणार आहे. मागे जे झालं त्याचा जाब त्यातून कुणाला विचारायचा नाहीये.

तुझ्या रिपोर्टमधला एमसीव्ही १०४ हा आकडा मी दोनदा पाहिला. एमसीव्ही म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशीचा सरासरी आकार. तो साधारण ८० ते १०० असतो. लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात. तुझ्या मोठ्या झाल्या आहेत. नेमका हाच प्रकार मुंबईत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका बाईने चिकाटीने तपासला होता. लुसी विल्स त्यांचं नाव. १९२८ साली त्या इंग्लंडहून मुंबईत आल्या. बाळंतपणात बायका इतक्या का दगावतात याची चौकशी परळच्या हाफकिन संस्थेत चालू होती, तिथे त्यांनी काम केलं. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक जबर पंडुरोग व्हायचा. रक्त पातळ, पेशी फुगलेल्या, आणि कित्येकींचा त्यात अंत. तेव्हा अशा पेशींच्या आजारावर शुद्ध केलेला यकृताचा अर्क गुणकारी समजला जायचा, पण या बायकांना तो लागूच पडेना. विल्स यांनी त्यांचं जेवण तपासलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि १९३१ मध्ये जाहीर केलं की यीस्टच्या अर्काने, म्हणजे पावाला लावायच्या स्वस्तातल्या मार्माइटने, या बायका बऱ्या होतात. त्या अर्कात काय आहे ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स घटक' म्हणत. दहा वर्षांनी पालकापासून तो पदार्थ वेगळा काढता आला, आणि १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत आपल्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तो कृत्रिमरीत्या तयार केला. तेच हे फॉलिक अ‍ॅसिड. तुझ्या हातात असलेल्या पिवळ्या गोळीच्या शोधाची सुरुवात परळमध्ये, गिरणीतल्या बायांच्या रक्तातून झालेली आहे. हे आपल्याकडे शाळेत शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

फॉलेटचा आणि बाळाच्या मणक्याचा संबंध त्यानंतर बऱ्याच उशिरा लागला. १९६५ मध्ये लिव्हरपूलच्या हिबर्ड आणि स्मिथेल्स या डॉक्टरांनी तशी शंका लिहून ठेवली. पक्का पुरावा आला १९९१ मध्ये, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासातून. सात देशांतली ३३ केंद्रं, १८१७ बायका, आणि त्या सगळ्या तुझ्यासारख्या, आधीच्या गरोदरपणात अशीच नळी उघडी राहिलेल्या. काहींना गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं, काहींना दिलं नाही. ज्यांना दिलं त्यांच्यात पुन्हा तोच दोष असलेली ६ बाळं निघाली, ज्यांना नाही दिलं त्यांच्यात २१. फरक इतका उघड होता की अभ्यास मध्येच थांबवला, कारण कुणाला गोळीविना ठेवणं बरोबर ठरलं नसतं.

हे तुझ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. एकदा असं झालं की पुढच्या खेपेला होण्याची शक्यता त्या अभ्यासात गोळीशिवाय शंभरात साडेतीन होती, गोळीने ती शंभरात एकवर आली. म्हणजे काही न करताही पुढचं बाळ नीट असण्याचीच शक्यता कितीतरी जास्त आहे, आणि गोळीने उरलेला धोकाही बराचसा घटतो. पूर्ण जात नाही. तसं आश्वासन कुणी दिलं तर विश्वास ठेवू नकोस.

म्हणून डॉक्टरांनी दिलेली ५ मिलिग्रॅमची गोळी आजपासून रोज. आपल्याकडे ४ ची सहज मिळत नाही, ५ ची कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते आणि स्वस्त असते. निदान तीन महिने गोळ्या झाल्याशिवाय चान्स घेऊ नका, तोवर निरोध वापरा. तुझ्या अनियमित पाळीमुळे हे जास्तच महत्त्वाचं, कारण दिवस राहिल्याचं कळेपर्यंत नळी मिटण्याची वेळ टळून गेलेली असेल. "दिवस नाहीत तर गोळ्या कशाला" याचं उत्तर हेच. आशाताईंकडून मिळणारी लोहाची लाल गोळी हिच्या जागी चालणार नाही. ती चौथ्या महिन्यापासून द्यायची असते आणि तिच्यात फॉलिक अ‍ॅसिड ५०० मायक्रोग्रॅमच असतं. आणखी एक इशारा : ५ मिलिग्रॅम भरून काढायला मल्टिव्हिटॅमिनच्या चार-पाच गोळ्या एकदम घेण्याचा शॉर्टकट करू नकोस. त्यात रेटिनॉलच्या रूपात अ जीवनसत्त्व असतं आणि ते जास्त झालं तर त्यानेच गर्भात दोष निर्माण होऊ शकतात.

आता बी-१२. मला खरी काळजी तुझ्या १३८ ची आहे.

फॉलेट आणि बी-१२ शरीरात जोडीने काम करतात. पेशी दुभंगताना नवीन डीएनए लागतो, त्यासाठी फॉलेट हवं. पण एकदा वापरलेलं फॉलेट पुन्हा कामाच्या रूपात आणायला बी-१२ लागतं. ते नसेल तर रक्तात फॉलेट भरपूर असूनही ते एका रूपात अडकून पडतं, पेशींच्या उपयोगी येत नाही, आणि होमोसिस्टीन नावाचा पदार्थ साठत जातो. वरून भरपूर फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्त सुधारतं, हिमोग्लोबिन वर येतं, सगळ्यांना वाटतं झालं काम. नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं, कारण नसांना बी-१२ च हवं असतं. तुझ्या तळपायाच्या मुंग्या हे नसांचंच सांगणं असावं. म्हणून इंजेक्शनं टाळून नुसती पिवळी गोळी घेत राहणं, हे तू मुळीच करायचं नाहीस. घरच्यांशी एकाच गोष्टीवर भांडण्याइतकी ताकद असेल तर ती इंजेक्शनांसाठी वापर.

बाळाच्या बाजूनेही बी-१२ मोलाचं आहे. आयर्लंडमध्ये साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवर झालेल्या अभ्यासात, २००९ मध्ये, असं दिसलं की ज्या बायकांचं बी-१२ २५० च्या खाली होतं त्यांच्या बाळात हा दोष असण्याचा धोका अडीच ते तीन पट होता. चान्स घेण्याआधी बी-१२ ३०० च्या वर असावं, असं त्या संशोधकांनी सुचवलं. तुझ्या डॉक्टरांना हा आकडा जरूर विचार. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून तो ३०० च्या पुढे गेलेला बघायचा, असं माझं मत आहे.

आणि हे तुझ्या एकटीचं दुखणं मुळीच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांमधल्या गरोदर बायकांचा, पुढे त्यांच्या मुलांचा, अभ्यास चालवला. त्यात दोन तृतीयांश बायकांचं बी-१२ कमी निघालं. शेतात राबणाऱ्या, घरचं साधं जेवण जेवणाऱ्या या बायका. पालेभाजी-डाळींमुळे फॉलेट मात्र त्यांच्यात बहुतेक ठीक होतं. २००८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की ज्या आयांचं गरोदरपणात फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या शरीरात इन्शुलिन नीट काम करत नव्हतं. याच मुलामुलींना पुढे किशोरवयात रोज अगदी थोडं, २ मायक्रोग्रॅम, बी-१२ द्यायचा प्रयोग त्यांनी केला, आणि ज्या मुलींना ते मिळालं त्यांच्या बाळांची दोन वर्षांच्या वयात बौद्धिक वाढ चांगली दिसली. तुझ्या पाळण्यातल्या बाळाचा विचार लग्नाआधीपासून करायचा असतो, हे आपल्याच मातीतल्या या कामाने दाखवलं आहे.

तुझ्या बाबतीत बी-१२ खाली जायला कारणं तीन. घरात मांस-अंडं नाही, दूध चहापुरतं, आणि वर मेटफॉर्मिन. दीर्घकाळ घेतलेलं मेटफॉर्मिन आतड्यातून बी-१२ शोषलं जाणं कमी करतं. पण म्हणून ते स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. तुझी साखर त्यामुळे आटोक्यात असेल, आणि गर्भधारणेच्या वेळी साखर वाढलेली असणं हेही याच दोषाचं एक कारण आहे. डॉक्टरांना सांग : "दोन वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, बी-१२ १३८ आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड आणि फेरिटिन (लोहाचा साठा) बघायचं का?" हिमोग्लोबिन ९.८ आहे, तेव्हा लोहही कमी असेल आणि फुगलेल्या पेशींमुळे ते झाकलं जात असेल. घरात कुणाला फिट्सचा त्रास आहे का, तुला स्वतःला कधी त्यासाठी व्हॅल्प्रोएट दिलं होतं का, तेही सांग. त्या औषधाने हा धोका वाढतो.

माळेची शंका रास्त आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. औषधातलं बी-१२ प्राण्यांपासून काढत नाहीत. मोठ्या टाक्यांमध्ये जिवाणू वाढवून, त्यांच्याकडून ते तयार करून घेतात. गाईम्हशीच्या दुधातलं बी-१२ सुद्धा मुळात त्यांच्या पोटातल्या जिवाणूंनीच बनवलेलं असतं. इंजेक्शन घ्यायला माळ काढावी लागत नाही. पुढे गोळ्या सुरू होतील तेव्हा फक्त इतकं बघ की कॅप्सूलचं कवच बहुतेकदा जिलेटिनचं असतं, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. साधी टॅब्लेट माग. दुकानदार देतो.

खाण्यात पालक, मेथी, शेपू, चवळी, मटकी, हरभरा, शेंगदाणे हे सगळं फॉलेटसाठी चांगलं. भाजी उकळून पाणी फेकू नका, निम्मं त्याच्यासोबत जातं. बी-१२ मात्र भाजीपाल्यात नाही, कितीही खाल्लीस तरी नाही. दूध नकोसं होतं तर ताक पी, वाटीभर दही जेवणात घे, पनीर खा. मुंबईच्या झोपडवस्त्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लग्न झालेल्या बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाज्या, फळं आणि दुधाचा खाऊ देऊन पाहिला. कांदा-बटाट्याचा खाऊ मिळालेल्यांत गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांना झाला, पालेभाजी-दुधाचा मिळालेल्यांत ७.३ टक्क्यांना. पीसीओडीत मधुमेहाचा धोका जास्त असतो, म्हणून तू हे लक्षात ठेव. पण १३८ वरून वर यायला दही पुरणार नाही, त्याला इंजेक्शनच.

नणंदबाईंना सांग की जनुकीय तपासणीचे पैसे वाचव. फॉलेट वापरण्याशी संबंधित एमटीएचएफआर नावाच्या जनुकातला बदल खूप लोकांत असतो, आणि तो असला तरी शरीर फॉलिक अ‍ॅसिड वापरू शकतं. ती तपासणी करून उपचार बदलत नाही. मिथाइलफोलेटच्या, म्हणजे फॉलेटच्या तयार रूपाच्या, महागड्या गोळ्यांनी हा दोष टळतो असा पुरावा नाही. तो आहे तो साध्या फॉलिक अ‍ॅसिडचा.

जाऊबाईंना तुझी गोळी देऊ नकोस. त्यांना आधी असं काही झालेलं नाही, मधुमेह वगैरे नाही, तर रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. चीनमध्ये एवढ्याच मात्रेने, उत्तरेकडच्या भागात जिथे हा दोष फार होता तिथे, तो ७९ टक्क्यांनी कमी झाला. तुझी गोळी त्याच्या बारापटीहून मोठी आहे. पण त्यांनीही आजपासूनच घ्यावी, आणि त्याच घरचं जेवण जेवतात तर बी-१२ एकदा तपासून घ्यावं. सासूबाईंचंही घ्या. त्या वयात मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा यामागे पुष्कळदा हेच निघतं.

सासूबाईंशी तू एकटीने वाद घालू नकोस. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना मिस्टरांना त्यांना सोबत आणायला सांग, आणि सासूबाईंसमोर डॉक्टरांना दोनच प्रश्न मिस्टरांना विचारायला लाव : मणका कितव्या आठवड्यात मिटतो, आणि ग्रहण आलं तेव्हा कितवा आठवडा होता. "उष्ण पडतं" त्याला सरळ सांगायचं की फॉलिक अ‍ॅसिडने गर्भाशयाला काही होत नाही. ग्रहण पाळायचं असेल त्यांनी पाळावं, तूही पाळ, कुणाचं बिघडत नाही. पण तुला त्या रात्रीवरून पुन्हा बोलायचं नाही, हे मिस्टरांनी स्वतःच्या तोंडाने आईला सांगायला हवं. ती काकडी त्यांच्याच ताटात वाढली होती.

चान्स घ्यायला लागलात की पाळी दहा दिवस लांबली तरी घरी टेस्ट कर, पीसीओडीचं म्हणून सोडून देऊ नकोस. दिवस राहिले की पिवळी गोळी बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू, मग डॉक्टर लोहाच्या गोळीवर आणतील. बी-१२ सुरूच ठेव. पहिल्याच भेटीत मागचा सोनोग्राफीचा कागद दाखव आणि अकरा ते तेरा आठवड्यांदरम्यान अनुभवी सोनोलॉजिस्टकडे तपासणी लावून माग. डोक्याकडचा दोष तेव्हाच दिसतो, कमरेकडच्यासाठी अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी लागेल. ती तारीख जवळ आली की तुला झोप लागणार नाही. त्या दिवशी मिस्टरांना सुट्टी घ्यायला लाव, एकटी जाऊ नकोस.

तीन महिन्यांनी बी-१२ चा नवा आकडा आणि एमसीव्ही किती आला ते मला जरूर लिही.